पुढच्या चाकांचा पावसाळा

मुंबईच्या उपनगरांत छोटी गाडी चालवणाऱ्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे: गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, तेव्हा पावसाची काळजी नाही. यात निम्मं सत्य आहे, आणि ते निम्मंच महागात पडतं. पुढची चाकं गाडीला ओढून नेतात, ही सोय खरी. पण ओढण्याच्या ताकदीचा थांबण्याशी फारसा संबंध नाही, वळण्याशी असलेला संबंध उलटा आहे, आणि तुंबलेल्या पाण्यातून सुखरूप बाहेर येण्याशी तर काडीचाही नाही. पुढच्या प्रकरणांतला सगळा तपशील, टायर कधी बदलावा इथपासून सबवेच्या तोंडावरून कधी माघारी फिरावं इथपर्यंत, या एका मुद्द्यावर उभा आहे. म्हणून तो इथे सुरुवातीलाच नीट मांडायला हवा, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही तपासायला हवेत.

ही समजूत आली कुठून? चाळीसेक वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईतली मोटार मागच्या चाकांवर चालत होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी घ्या. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि दोहोंना जोडणारा लांबलचक शाफ्ट गाडीच्या पोटाखालून. टॅक्सी रिकामी असली की मागचा भाग हलका, त्यामुळे ओल्या चढावर चाकं जागच्या जागी फिरायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढे आडवं बसवलेलं आणि ओढणारी चाकंही पुढचीच. पाठोपाठ आलेल्या सँट्रो, वॅगन आर, आय टेन, स्विफ्ट यांनी तोच आराखडा उचलला. काळ्यापिवळ्या टॅक्सीतही सँट्रो आणि वॅगन आर शिरल्या, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. (ओम्नी आणि नॅनो हे अपवाद, दोन्ही छोट्या, दोन्हींचा जोर मागच्या चाकांना.) मुंबईकराने या दोन पिढ्यांची तुलना केली आणि पावसात नवी गाडी बरी, असा निकाल दिला. निकाल बरोबर होता, पण श्रेय चुकीच्या भागाला गेलं. पद्मिनी पाण्यात बंद पडायची ती बहुतेकदा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरल्यामुळे. बॉनेट उघडून फडक्याने ती टोपी पुसणारा टॅक्सीवाला हे एके काळी पावसाळ्यातलं ठरलेलं दृश्य होतं. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं, डिस्ट्रिब्युटर गेला आणि तो त्रास संपला. जोर कुठल्या चाकांना मिळतो याचा त्यात काहीच हात नव्हता.

आता पुढची चाकं खरोखर काय देतात ते पाहू. छोट्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, बॅटरी हे सगळं जड सामान पुढे असतं, त्यामुळे रिकाम्या गाडीचं साठेक टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर येतं. टायरची पकड त्याच्यावरच्या वजनाबरोबर वाढते. जी चाकं ओढतात त्यांच्यावरच वजन जास्त, म्हणून निसरड्या सपाट रस्त्यावर ही गाडी सहज निघते. पण ‘सपाट’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. गाडी चढावर उभी राहिली की वजन मागे सरकतं, आणि अॅक्सिलरेटर दाबला की आणखी मागे सरकतं. घाटकोपरच्या असल्फ्याकडच्या टेकडीवरच्या गल्ल्या किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा पवईजवळचा चढ, अशा ठिकाणी भर पावसात मागे चार माणसं आणि डिकीत सामान असेल, तर पुढची चाकं थरथरत नुसती फिरताना दिसतात. तेव्हा जास्त रेस देणं हा नेमका उलटा उपाय. हँडब्रेकवर गाडी धरून, क्लच हळू सोडत, शक्य तितक्या कमी रेसवर, गरज पडल्यास दुसऱ्या गिअरमध्ये गाडी काढणं हा खरा उपाय. थोडक्यात, पुढच्या चाकांचा फायदासुद्धा बिनशर्त नाही.

या वादाचं मोठं भावंड बर्फाच्या देशांत पाहायला मिळतं, आणि तिथला पुरावा आपल्यालाही उपयोगी आहे. १९५९ मध्ये आलेली मिनी ही अलेक इसिगोनिसने आखलेली गाडी आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची आजी म्हणावी अशी: इंजिन आडवं, जोर पुढच्या चाकांना. हिने १९६४, १९६५ आणि १९६७ या वर्षी मोंटे कार्लोची रॅली जिंकली, आणि १९६५ची शर्यत तर भरपूर बर्फातली होती. त्याआधी १९६२ आणि १९६३ मध्ये एरिक कार्लसनने हीच रॅली साबमधून जिंकली होती. तीही पुढच्या चाकांची. ही उदाहरणं फ्रंट व्हील ड्राइव्हची थोरवी सांगायला नेहमी पुढे केली जातात. पण त्या गाड्यांना रस्ता पाहून खिळ्यांचे टायर चढवले जात, आणि पुढे बर्फ किती आहे हे टिपून आणायला वेगळी माणसं आधी पाठवली जात, हे सांगायचं मात्र राहून जातं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले. जर्मनीने २०१० मध्ये बर्फाळ रस्त्यावर तसे टायर असलेच पाहिजेत असा नियम केला. कुठली चाकं फिरावीत यावर यांपैकी कोणीही कायदा केला नाही. मुलुंडमध्ये गाडी शिकून टोरांटोला स्थायिक झालेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात मिळणारा सल्लाही हाच असतो: गाडी आहे ती चालेल, टायर बदल.

याचं कारण थांबण्यात आहे. ब्रेक चारही चाकांना लागतो. तिथे गाडी पुढून ओढली जाते की मागून ढकलली जाते, याने काही फरक पडत नाही. ठोकळ हिशोब करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चांगल्या टायरांवर, कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर, झिजलेल्या टायरांवर तेच अंतर ३५ मीटरपर्यंत जातं. दाबून बसलेल्या बर्फावर ते ७० मीटरच्या घरात असतं. पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला तर आणखी १७ मीटर आधीच संपलेले असतात. दुसरीकडे, सिग्नलवरून निघताना गाडी झटकन निघाली, चाक घसरलं नाही, याचा ड्रायव्हरला येणारा अनुभव या तिन्ही रस्त्यांवर बराचसा सारखा असतो. चार चाकी जोराच्या गाडीत तर तो आणखी फसवा. निघताना जो भरवसा वाटतो तोच थांबतानाही धरला जातो, आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावर जूनच्या पहिल्या सरीत धूळ आणि तेलाचा लगदा झालेला असताना एकामागून एक गाड्या आदळतात त्या इथेच. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, हे चांगलंच झालं. पण एबीएस ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवू देतं. गुळगुळीत टायरला ते नक्षी आणून देत नाही.

वळणाचा मुद्दा याहून बारीक आहे. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या दोन टायरांवर दुहेरी काम पडतं: ओढायचंही त्यांनीच आणि वळवायचंही त्यांनीच. पकड जेवढी आहे तेवढीच दोन कामांत वाटली जाते. ओल्या वळणावर रेस वाढवली की ओढण्यात खर्च झालेली पकड वळण्याला उरत नाही आणि गाडी बाहेरच्या बाजूला सरळ जाऊ लागते. पाय उचलला की ती बहुधा परत आत येते. म्हणूनच सर्वसाधारण ड्रायव्हरला ही रचना क्षमाशील वाटते. एरवी ती आहेही. पण मागचे टायर झिजलेले असले तर पाय उचलल्यावर मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी गरकन फिरते. इथे उपनगरातल्या जवळजवळ प्रत्येक टायरच्या दुकानात दिल्या जाणाऱ्या एका सल्ल्याशी मला वाद घालायचा आहे. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते पुढे लावले जातात, कारण पुढचे लवकर झिजतात आणि ओढण्याचं कामही त्यांचंच. टायर कंपन्या मात्र नेमकं उलट सांगतात: नवे टायर मागे लावा, निम्मे झिजलेले पुढे आणा. पुढची पकड सुटली तर स्टिअरिंग हलकं लागतं, ड्रायव्हरला कळतं आणि तो वेग कमी करतो. मागची सुटली तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. बर्फाच्या देशांत पैसे वाचवायला फक्त पुढे हिवाळी टायर लावणाऱ्यांनी हा धडा फार पूर्वी घेतला आहे. आपल्याकडे तो पोचलेला नाही, कारण ओढणारी चाकं तीच महत्त्वाची, या समजुतीने त्याची वाट अडवून ठेवली आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी आहे. मुंबईत वेग असतो कुठे? एल.बी.एस. मार्गावर घाटकोपर ते भांडुप गाडी पावसात रांगते. तिथे घसरण्याच्या आणि पाण्यावर तरंगण्याच्या गोष्टी कशाला? दिवसा हे खरं आहे. रात्री अकरानंतर बोरिवलीकडे जाणारा महामार्ग मोकळा होतो तेव्हा नाही. रस्त्यावर पाण्याचा थर साचला आणि वेग वाढला की टायर पाणी बाजूला सारू शकत नाही. तो पाण्यावर चढतो, आणि स्टिअरिंग, ब्रेक, रेस तिन्हींचा उपयोग एकदम संपतो. विमानांच्या टायरांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासातून निघालेलं एक जुनं सूत्र आहे. त्यानुसार ३० पौंड हवा भरलेल्या टायरच्या बाबतीत हे सुमारे ९० किलोमीटर वेगाला घडतं. हवा कमी असेल तर त्याहून कमी वेगाला, आणि टायरचा गोटा झाला असेल तर आणखी कमी वेगाला. कायदा मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर मागतो. टायरच्या खाचांत आडव्या उंचवट्यांची खूण असते. झीज तिथपर्यंत आली की ही मर्यादा गाठली. माझ्या मते मुंबईत जूनच्या तोंडावर ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदलून टाकावा. आणि इथे छोट्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी: तिचा अरुंद टायर पाणी जास्त चांगलं कापतो. बर्फासाठीही अरुंद टायर पसंत केले जातात ते याच कारणाने. हौसेने मोठे अलॉय आणि रुंद टायर बसवणारा माणूस पैसे देऊन हा फायदा घालवतो.

आता तुंबलेलं पाणी. बर्फात अशी गोष्ट नाही, त्यामुळे इथे उपनगरांचा प्रश्न वेगळा होतो. पश्चिम रेल्वेच्या रुळांखालून जाणारे खार, मिलन, अंधेरी, मालाड, दहिसर हे सबवे आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा खोल आहेत. त्यांत पाणी साचणारच. प्रश्न फक्त किती आणि किती वेळात, एवढाच. छोट्या गाडीचा तळ रस्त्यापासून साधारण १७ सेंटिमीटरवर असतो. इंजिनचा कप्पा खालून उघडा आहे, तिथे पाणी आत शिरतं आणि गाडीला उचलत नाही. बसायची जागा आणि डिकी मात्र बंद पेटी आहे. तिच्या तळाचं क्षेत्रफळ तीनेक चौरस मीटर धरलं, तर पाणी तळाच्या वर १० सेंटिमीटर चढताच ३०० किलोंच्या आसपास उचल मिळते. मागच्या चाकांवर मुळात तेवढंच वजन असतं. म्हणजे पाणी फूटभर झालं की मागची चाकं हलकी होऊ लागतात, आणि त्याच वेळी पुढची जड चाकं रस्ता धरून ओढतच असतात! ड्रायव्हरच्या हाताला सगळं ठीक लागतं. अमेरिकेची हवामान सेवा वाहत्या पाण्याबाबत जो इशारा देते त्यातही छोट्या गाडीसाठी हाच आकडा आहे: १२ इंच पाणी ती वाहून नेऊ शकतं, आणि २ फूट बहुतेक सगळ्या गाड्या.

दुसरं संकट इंजिनच्या नाकाशी आहे. हवा ओढणारी नळी बॉनेटच्या पुढच्या कडेजवळ असते. संथ पाण्यात ती बरीच उंच वाटते, पण शेजारून बेस्टची बस गेली की तिची लाट बॉनेटवर येते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी गेलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा स्टार्ट करून पाहणं हा त्यातला सर्वांत महागडा प्रकार, कारण पहिल्या वेळी न वाकलेला रॉड दुसऱ्या वेळी वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. इंजिनसाठी वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

मग खोली ओळखायची कशी? फूटपट्टी घेऊन कोणी सबवेत उतरत नाही, पण उपनगरांत एक फूटपट्टी सतत डोळ्यांसमोर फिरत असते, ती म्हणजे रिक्षा. तिचं चाक जेमतेम ४० सेंटिमीटर उंच असतं. पुढच्या रिक्षाचं चाक निम्मं बुडालं म्हणजे पाणी २० सेंटिमीटर. तुमच्या गाडीच्या तळाला लागलेलं आहे, पण जाता येईल. चाक पुरतं दिसेनासं झालं तर पाणी तुमची मागची चाकं उचलण्याच्या पलीकडे गेलेलं आहे. बस पाण्यातून गेली यावरून मात्र काहीही ठरवू नये. तिच्या चाकाचा मध्यच अर्ध्या मीटरवर असतो.

दुसरा आक्षेप पैसेवाल्यांचा आहे: मग उंच गाडी घ्या, एसयूव्ही घ्या. पहिली गोष्ट, ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू अशा ज्या गाड्या उपनगरांच्या सोसायट्यांत एसयूव्ही म्हणून उभ्या असतात, त्यांचा जोरही पुढच्याच चाकांना आहे. तळ तीन-चार सेंटिमीटर उंच, एवढाच फरक. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १ जुलै २०१९च्या रात्री मालाडच्या सबवेत अडकून दोन माणसं आपल्या गाडीत मरण पावली. ती छोटी गाडी नव्हती, चांगली मोठी, उंच एसयूव्ही होती. त्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढ्या पावसात सबवे भरण्याचा वेग कुठल्याही गाडीच्या उंचीला हरवतो, दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडत नाहीत आणि विजेच्या काचा केव्हाही बंद पडू शकतात. उंच गाडी दहा सेंटिमीटर जास्त खोल पाण्यातून जाऊ शकते हे मान्य. पण ती माणसाला वीस सेंटिमीटर जास्त खोल पाण्यात उतरायचं धाडस देते. मनालीच्या पुढे बर्फ पडला की पोलीस साध्या गाड्या अडवतात आणि चार चाकी जोराच्या, साखळ्या बांधलेल्या गाड्या सोडतात. पुण्या-मुंबईच्या पर्यटकाला ते पाहून मोठी गाडी म्हणजे परवाना, असं वाटू लागतं. सबवेच्या पाण्यात असला परवाना कुठल्याच गाडीला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शहाणपण सांगणं सोपं आहे, पण माणसाने जायचं कुठून? जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीला पूर्ण बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली आणि मे २०२५ मध्ये दोन्ही. मधल्या पावसाळ्यांत पूर्व-पश्चिम जायला अंधेरीत सबवे हाच जवळचा रस्ता होता, आणि नेमका तोच बुडत होता. शहराची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली होती; १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता दुप्पट करायला सांगितलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. तेव्हा कुठे त्या अहवालाकडे खऱ्या अर्थाने लक्ष गेलं. त्यानंतर इर्ल्यासारखी उदंचन केंद्रं उभी राहिली, मिलन सबवेजवळ पाणी साठवायची भूमिगत टाकी झाली, त्याच्या वरून पूल झाला. अंधेरी सबवेचं दुखणं ज्या मोगरा नाल्याशी जोडलेलं आहे त्याचं काम मात्र रेंगाळलं. हे सगळं ड्रायव्हरच्या हातातलं नाही, आणि त्याला दोष देणं अन्यायाचं ठरेल. तरीही हा आक्षेप माझ्या मुद्द्याला खोडत नाही, उलट बळ देतो. पर्याय कमी असतात तिथेच माणूस गाडीच्या गुणांवर नको तितका भरवसा टाकतो. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. त्या वेळेला मुसळधार पाऊस असेल तर सबवेचा रस्ता नसल्याचंच धरून निघावं, किंवा भरती उतरेपर्यंत निघूच नये. कचेरीत तासभर जास्त बसावं लागेल, हे मला मान्य आहे.

तेव्हा पुढच्या प्रकरणांत गाडी विकत घेण्याबद्दल फार काही सापडणार नाही. मारुती ८०० पासून आजच्या वॅगन आरपर्यंतची छोटी गाडी या उपनगरांच्या पावसाला पुरेशी आहे, असं गृहीत धरलं आहे. सगळ्यात जास्त पानं टायरांना दिली आहेत, त्याखालोखाल ब्रेकना. इंजिनचं प्रकरण मुद्दाम आखूड आहे. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीला हवेची नळी नसते, त्यामुळे त्यातला अर्धा मजकूर तिला लागू नाही; तरंगण्याचा हिशोब मात्र तिलाही चुकत नाही, बॅटरीच्या वजनामुळे थोडा पुढे ढकलला जातो इतकंच. जे पाणी पार करण्याजोगं आहे ते कसं पार करावं, यावर एक प्रकरण आहे: पुढची गाडी पलीकडे चढेपर्यंत थांबून, पहिल्या गिअरमध्ये, गिअर न बदलता, एकसारख्या रेसवर, चालत्या माणसाच्या वेगाने. बाहेर आल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये डाव्या बाजूने हळू जात ब्रेक चार-पाच वेळा हलकेच दाबावा, कारण छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांना बहुधा ड्रम असतात आणि त्यांत शिरलेलं पाणी लवकर निघत नाही. ब्रेक दोन्ही बाजूंना सारखा लागतो आहे, गाडी एका अंगाला ओढत नाही, एवढं पाहूनच वेग वाढवावा.